हसनाबादचा एकच कोट

…न्हाई, सांगा ना! जरूर सांगा! पण सांगायच्या आधी आपण कुणाला सांगून राह्यलो, हे तरी माणसानं बघावं का न्हाई? आता काल आपल्या शाळेत त्या रजनीताई आल्त्या, औरंगाबादच्या कुठल्याशा संस्थेच्या, खांद्याला झोळी, बोलणं गुळासारखं, भिंतीला चादर लावून चित्रं दाखवली त्यांनी, की एक सदरा व्हायचा तर त्याच्या कापसाला हजारो लिटर पाणी लागतं, रंगाच्या कारखान्यापायी नद्या निळ्या-जांभळ्या व्हतेत, अन् शहरातले लोक कपडा चारदा घालून फेकून देतेत, तवा बंधू-भगिनींनो, नवं कमी घ्या, असलेलं जपा, एकमेकांत वाटून वापरा… एकमेकांत वाटून! अन् हे कुठं? हसनाबादला! अहो, कुंभाराच्या आळीत जाऊन मडकं वाजवून घ्यायला शिकवल्यासारखं झालं की हे! मी हात वर केला, म्हणलं, ताई, एक मिनिट, आमच्या कोटाचं सांगतो. तर त्या म्हणल्या, "काका, पाचची बस आहे हो माझी." गेल्या! अन् माझं पोटात राह्यलं ते राह्यलंच. म्हणून तुम्ही सापडलात. आता उठायचं न्हाई. चहा सांगितलाय, तो यीपर्यंत तरी बसा, अन् चहा आमच्याकडं लई उशिरा येतो.

तुम्हाला सांगतो, ज्या गावचे त्रेसष्ट नवरदेव एका कोटात बोहल्यावर चढले, त्या गावाला वाटून वापरायचं शिकवायचं? त्रेसष्ट! लोक म्हणतेत, कडूबा, तू वाढवून सांगतो. बरं, सांगतो वाढवून. तीन कमी करा. साठ तर हायेतच. त्या साठातला तिसावा मी. अन् माझी तक्रार काय, तर माणसाला जन्मात एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या मापाचा, स्वतःच्या मालकीचा, कोरा करकरीत कोट अंगावर घ्यावा वाटतो का न्हाई? वाटतो. मला मिळाला का? एक बाही मिळाली. खोटं न्हाई सांगत, एकच बाही! येतो, बाहीवर येतो, घाई करू नका.

आधी कोट. रंग गर्द निळा, कापड गरम, दोन बटणं, आत गुळगुळीत अस्तर. परतूरला बद्रीनाथ म्हणून टेलर व्हता, त्यानं एका अडत्यासाठी शिवलेला. अडत्या माप देऊन गेला दिवाळीला अन् न्यायला आला संक्रांतीला, तवर त्याचं पोट कोटाच्या चार बोटं फुडं निघून गेल्तं! बद्रीनाथनं आत सोडलेलं सगळं कापड उसवून बघितलं, तरी बटण काजाला भेटंना. अडत्या म्हणला, हा कोट माझा न्हाईच. गेला निघून. आता त्या दुकानात काजं-बटणं करायला कोण व्हती, तर आमच्या गावची लेक, चांगुणाबाई. परतूरला दिलेली. तिचा नवरा वारला तवा ती माहेरी आली, अन् बद्रीनाथ म्हणला, बाई, हा कोट इथं लोंबकळला तर कसर लागंल, तू घेऊन जा. तर हसनाबादला चांगुणाबाई आली ती एक शिलाई मशीन अन् एक कोट घेऊन. गावची लेक म्हणून आम्हा सगळ्यांची ती आत्या.

एक्क्याऐंशीला तिच्या भाच्याचं लगीन झालं, तो कोट घालून. मंग शेजाऱ्याचं. मंग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं. अन् असं करता करता रिवाजच पडला, की हसनाबादच्या नवरदेवानं नवा कोट शिवायचा न्हाई, अन् मुलीच्या बापाकडून तर बिलकुल घ्यायचा न्हाई. कोट हाय! गावाचा हाय!

आता तुम्ही म्हणाल, एकच कोट सगळ्यांना कसा बसंल? तिथंच तर आत्याची करामत! कोटाच्या पाठीला, बगलांना, बाह्यांना आतून एवढं कापड सोडलेलं, की किडकिडीत नवरदेव असला की आत घ्यायचं, आडवा असला की बाहेर काढायचं, सगळं कच्च्या टाक्यावर, अन् लगीन लागलं की टाका उसवायचा. अन् उसवलेला दोरा? फेकायचा? अहो, रिळावर परत गुंडाळायचा! साठ लग्नांत दोन रिळं! दोरा शेवटी एवढा म्हातारा झाल्ता, की स्वतःच ओळखायचा कुठं जायचं ते. अन् माप? आत्याला लिहिता येत नव्हतं. एकेका नवरदेवाची एकेक सुतळी, छाती झाली की एक गाठ, कंबर झाली की दुसरी, बाहीला तिसरी. आढ्याला ह्या सुतळ्या लोंबकळलेल्या, तुम्ही घरात शिरलात की अख्ख्या गावातले बिनलग्नाचे तुमच्या टाळक्याला लागायचे. हळदीचं म्हणाल, तर कॉलरच्या आतून काढ-घालीची पांढरी पट्टी. हळद लागायची पट्टीला. पट्टी दोन दिवस उन्हात टाकली की पांढरीफेक. "हळद उन्हाला भिती रे," आत्या म्हणायची, "उगं पाण्याचं नाव काढू नका." बराबरच व्हतं, मे महिन्यात प्यायला टँकरमागं पळायचं, तिथं कोट कोण धुतो?

अन् नियम! कोट अंगावर असताना पान खायचं न्हाई. अत्तर लावायचं न्हाई. व्याहीभेट कोट काढून. अन् नवरदेवाला रडू आलंच, तर मान फुडं काढून रडायचं!

त्र्याऐंशीला एका नवरदेवाला घोडीनं पाडलं. बँडवाल्यानं तिच्या कानापाशी ढोल बडवला, घोडी दोन पायांवर, नवरदेव थेट गटारात, पाय मोडला. सगळं वऱ्हाड धावलं. अन् पहिला सवाल काय? "कोटाला काई झालं न्हाई ना?" अहो, पाय मोडलाय त्याचा! "पाय जुळंल. कोटाला काई झालं न्हाई ना?" अन् तो पठ्ठ्या गटारातून काय म्हणतो, "न्हाई न्हाई, पडता पडता काढला!" …आता हसून राह्यलात, पण मी तिथं व्हतो. घोडीपासून गटारापर्यंत अंतर ते किती, तेवढ्यात ह्यानं दोन बटणं सोडून, दोन्ही बाह्या काढून, कोट वर फेकल्ता, अन् तो बँडवाल्याच्या डोक्यावर अलगद बसल्ता. असला धाक व्हता आत्याचा.

तर साल शहाऐंशी, महिना मे, अन् माझं ठरलं. कुठं? शहागडला. हायवेला रखमाजीचं हॉटेल, ट्रक थांबायचे, दिवसभर तवा तापलेला, माणूस रुबाबदार, मिशा अशा की दोन बाजूंना दोन गिऱ्हाईकं धरून ठेवतील. त्याची लेक द्वारका. साखरपुड्याला रखमाजीनं राखी रंगाचं सुटाचं कापड काढून फुडं ठेवलं. म्हणला, "पाव्हणं, जावयाला कोट आमच्याकडून."

आमचे दादा, म्हंजी माझे वडील, म्हणले, "कापड उचला, पाव्हणं. आमच्यात नवरदेवाला कोट हाय."

"ह्याला शिवलाय?"

"गावाला शिवलाय. आज हा घालील, उद्या दुसरा."

रखमाजीचं तोंड असं झालं, की जणू चहात साखरेजागी मीठ पडलं. "म्हंजी? माझ्या लेकीच्या नवऱ्यानं लोकांचा उतरलेला कोट घालायचा? माझ्या मांडवात?"

दादा म्हणले, "पाव्हणं, मंगळसूत्र नवं असावं, माणूस नवा असावा. कोट कशाला नवा पायजे? एक दिवस घालायचा, मंग जन्मभर खुंटीला. आमच्यात खुंट्या कमी हायेत."

 रखमाजी मिशी चोळून म्हणला, "बरं. तुमचा रिवाज तुमच्यापाशी. पण ऐका, नवरदेव बिनकोटाचा बोहल्यावर चढला, तर पोरगी घराबाहेर येणार न्हाई. हे आत्ताच चार माणसांत सांगतो."

अन् मी? मला कुणी इचारलं? मी तर त्या राखी कापडाकडं बघून राह्यल्तो! काय चमक! मी हळूच बोट लावलं तर दादांनी डोळे वटारले. तेवढ्यात दाराआडून द्वारकेनं एकदा बघितलं. माझ्याकडं. म्हंजी कापडाकडंबी बघितलं असंल, पण मधी मी व्हतो. झालं! मला काई सुचंना. लगीन करीन तर हिच्याशी, न्हाईतर जन्मभर सुतळीवर लोंबकळत राहीन.

आता घोळ बघा. त्याच तारखेला माझा दोस्त रामकिसनचं लगीन, परतूरला. रामकिसन म्हंजी दोन पोती तूर एकावर एक. त्याचा मुहूर्त साडेअकराचा, माझा गोरज, सहा पन्नासचा. आत्यानं बोटांवर हिशेब केला, म्हणली, "साडेअकराला ह्याचं लागलं, बाराला कोट काढला, जीपमधी बसले, तीनला शहागड. ह्याचं उसवून तुझं आत घ्यायला घंटाभर. बसतंय बराबर." कोटाबरोबर आत्या स्वतः जायची. नवरदेव एक वेळ एकटा जाईल, कोट कधी एकटा गेला न्हाई.

अन् माझी सुतळी? ती आत्यानं साखरपुड्यालाच घेतल्ती, अन् नेहमीच्या हिशेबानं कंबरेची गाठ दोन बोटं फुडं मारल्ती, केळवणाची! कारण लगीन ठरलं की केळवणं सुरू, हा बोलावतो, तो बोलावतो, पुरणपोळी, श्रीखंड, नवरदेव फुगतोच. एकोणतीस नवरदेव फुगले व्हते. हिशेब चुकायचं काई कारण नव्हतं. पण तिसावा मी! मी सतरा केळवणं खाल्ली, अन् सतराव्याला, चुलत मावशीकडं, त्या बासुंदीत काय पडल्तं देव जाणे… चार दिवस मी घरात कमी अन् शेतात जादा! लग्नाच्या दिवशी माझी पँट सुतळीनं बांधल्ती. आत्याला हे कुणी सांगितलं का? कोण सांगणार? ती कोटाच्या मागं, मी तांब्याच्या मागं.

तर आम्ही शहागडला दुपारी पोचलो. तीन वाजले. कोट न्हाई. चार वाजले. कोट न्हाई. मी जानवशाच्या घरात सदरा-पँटवर बसलेलो, बाहेर ट्रक येतेत, थांबतेत, डायवर लोक उतरून इचारतेत, "नवरदेव आया क्या? सूट पहना क्या?" रखमाजीनं हायवेभर सांगून ठेवल्तं! पाच वाजले. दादा हायवेच्या कडेला हात कपाळावर धरून उभे, जसे काई पावसाचे ढग बघून राह्यले. साडेपाच. मामा म्हणले, "कडू, येईल रे, आत्याचा शब्द हाय." सहा. वाजंत्री वाजून वाजून दमली, सनईवाला म्हणला, पाणी द्या. सहा वाजून वीस मिनिटं झाली, अन् दार लोटून रखमाजी आत आला. हातावर काय? कोट!

राखी! नवा! त्यानं कापड परत पेटीत ठेवलंच नव्हतं. गुपचूप शिवून घेतल्ता, माझ्या मापाच्या अंदाजानं! म्हणला, "जावई, मला तुमच्या गावाचा अपमान करायचा न्हाई. पण मुहूर्त थांबत न्हाई. घाला."

तुम्हाला सांगतो, त्या कोटाचा वास! नव्या कापडाचा वास! मी दादांकडं बघितलं. दादा दारात उभे. हळू आवाजात म्हणले, "कडूबा, घालायचा तर घाल. लगीन तुझं हाय. पण एक ध्यानात घे, आज तू सासऱ्याचा कोट घातला, की उद्या गावातला प्रत्येक पोरगा म्हणंल, कडूबाला मिळाला, मला का न्हाई? अन् मंग आपल्याच गावच्या पोरींचे बाप कोटाचं कापड घेऊन दारोदार फिरतील. आत्यानं पाच वर्षं जे आवरून धरलंय, ते तुझ्या एका बाहीनं सुटंल."

आता सांगा, असं लग्नाच्या दिवशी बोलावं का बापानं? इकडं द्वारका, तिकडं गाव, अन् मधी मी, अशक्त! बाहेरून भटजींचा आवाज, "मुलाला आणा!" मी डोळे मिटले अन् उजवा हात त्या राखी बाहीत घातला. आहाहा! बाही अशी बसली, जशी माझ्याच हाताला कोंब फुटला! डावा हात उचलला…

पों-पों-पों-पों!

असा भोंगा, की रखमाजीच्या मिशा हलल्या. सरकीचा ट्रक, मांडवाच्या कमानीत नाक खुपसून उभा, अन् केबिनमधून आत्या उतरून राह्यली! डोक्यावर पदर, मांडीवरचं पांढरं बोचकं असं छातीशी धरलेलं, की जणू बाळंतीण घरी आली. सगळे धावले. "आत्या, काय झालं? कुठं अडकलात? बरं हाय ना?" असं कुणी म्हणलं का? न्हाई! अख्ख्या वऱ्हाडाचा एक आवाज, "कोटाला काई झालं न्हाई ना?"

"कोटाला काय व्हतंय," आत्या म्हणली. "रामकिसनला झालं." तर झालं असं, की परतूरला फोटोवाला दोन घंटे उशिरा आला, अन् त्रेचाळीस डिग्रीत गरम कोट घालून रामकिसन तेवढा वेळ उभा, घामानं कोट अंगाला असा चिकटला, की तीन माणसांनी केळं सोलतेत तसा त्याला सोलला. मंग वडीगोद्रीच्या अलीकडं जीप बसली. आत्यानं काय करावं? रस्त्याच्या मधी उभी राह्यली, अन् पहिला ट्रक आला तो हात करून थांबवला. डायवर म्हणला, "मावशी, जगह नहीं है." आत्या म्हणली, "मला जागा नको. ह्या कोटाला दे. मी उभी राहीन."

मी हळूच राखी बाही काढून ठेवली. कुणाचं लक्षबी नव्हतं. माझा नवा कोट तेवढाच… मोजून दोन मिनिटं, एक बाही.

आत्यानं गावाचा कोट माझ्या अंगात घातला, अन् दोन पावलं मागं सरून बघितलं. अन् तुम्हाला सांगतो, पाच वर्षांत पहिल्यांदा आत्याचा चेहरा उतरला. कोट माझ्यावर असा लोंबला, जसा शेतातल्या बुजगावण्यावर! खांदे कोपरापाशी, कंबरेत अजून एक नवरदेव मावला असता. "कडूबा! केळवणं खाल्ली न्हाईस का रे?" म्हणलं, "खाल्ली आत्या… राह्यली न्हाईत." तिनं एकदा सुतळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणली, "सुतळी खोटी पडली. आता अंगावरच शिवते. चल बोहल्यावर."

"बोहल्यावर?"

"मंगलाष्टका आठ हायेत ना? लई झाल्या मला."

अन् लागली! इकडं अंतरपाट धरलेला, पलीकडं द्वारका, अलीकडं मी, माझ्यामागं माझा मामा उपरणं सावरून उभा, अन् मामाच्या बगलेखालून वाकून आत्या, तोंडात दोन टाचण्या, हातात सुई, वर मंगलाष्टकं चालू, खाली टाका चालू. भटजींनी पहिली म्हणली, डावी बगल आत. दुसरी म्हणली, उजवी. लोक "सावधान!" म्हणून अक्षता टाकतेत, अन् आत्या खालून म्हणती, "सावध राह्य रे, हलू नको, टोचंल!" अहो, जगात दोनच अर्थानं सावधान राह्यलेला नवरदेव मी! चौथीला पाठीची मधली शिवण. सहावीला मला एकदा टोचलं, मी "आई गं!" म्हणलो, तर लोकांना वाटलं पोरगा हळवा हाय. भटजी शहाणा माणूस, त्यानं एकदा मागं बघितलं, सगळं समजला, अन् आठवी संपल्यावर एक नववी स्वतःच्या मनानं जोडली! "तदेव लग्नं"ला आत्यानं दातानं दोरा तोडला, अन् ताशा वाजला. अंतरपाट सरला, अन् द्वारकेनं बघितलं… कोट असा बसलेला, असा बसलेला, की मुंबईच्या टेलरनं पायाला हात लावावा! ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. रखमाजीनं लांबूनच मिशीवर पालथी मूठ फिरवली. माझा जीव भांड्यात पडला.

मी हार घालायला एक पाऊल फुडं टाकलं. मामा एक पाऊल फुडं आला. मी मागं सरलो. मामा मागं. म्हणलं, "मामा, सोडा की!" मामा म्हणले, "मी कुठं धरलंय? तूच वढून राह्यला!" बघतो तर काय, घाईघाईत आत्यानं कोटाच्या शिवणीत मामाचं उपरणं धरून शिवल्तं! अन् उपरण्याचं दुसरं टोक मामाच्या कंबरेला गाठ मारलेलं. कुणीतरी चाकू काढला. आत्या ओरडली, "खबरदार! दोरा लांब हाय, तोडायचा न्हाई! फेरे व्हऊ द्या, मंग उसवते!"

झालं! मी फुडं, द्वारका मागं, अन् माझ्या पाठीला मामा! सप्तपदीला पावलं मोजली सात, पडली चौदा. पण शहागडवाले हसले का? बिलकुल न्हाई! ते आपसात म्हणले, हसनाबादचा रिवाज दिसतोय, मामा संगं चालतो. अन् आपण कमी पडायला नको म्हणून नवरीचा मामाबी उठला, अन् तिच्यामागं चालायला लागला! …अजूनबी शहागडला दोन-तीन घरांत मामा लोक सप्तपदीला मागं चालतेत म्हणे. इचारलं तर म्हणतेत, पूर्वापार हाय.

मंग पंगत बसायच्या आधी मला एका खोलीत पाटावर बसवलं, पाठ करून, मामासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा नवरदेव गावात वाट बघून राह्यल्ता, कोट निघायलाच पायजे व्हता. पण दिवसभराच्या धक्क्यांनी आत्याची बोटं आखडलेली. सुई हातातून निसटायला लागली. तर द्वारका उठली, मुंडावळ्या मागं सारल्या, अन् म्हणली, "आणा इकडं, मी उसवते." अन् माझ्या पाठीशी बसली. तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोचा मला पहिला शब्द काय, माहीत हाय का? लोकांच्या बायका लाजतेत, नाव घेतेत. माझी म्हणली, "हलू नका. दोरा तुटंल."

अख्खा दोरा काढला तिनं. एका जागी तुटू दिला न्हाई. मामा मोकळे झाले. आत्या तिच्या बोटांकडं बघत राह्यली, बघत राह्यली, अन् रीळ तिच्या हातात दिलं, गुंडाळ म्हणून. अन् तेवढ्यात रखमाजी आला. तो दारात उभा राहून हे सगळं बघत व्हता. ज्या माणसानं हायवेवर पोरांना दम देऊन देऊन आवाज घालवलेला, तो हळूच खाली बसला. म्हणला, "बाई, मी जिंदगीत लई कारागीर बघितले. ट्रक खोलून परत जोडणारे बघितले. पण चालत्या लग्नात माणूस अंगावर शिवणारी बघितली न्हाई." अन् तो राखी कोट त्यानं आत्याच्या फुडं ठेवला. "हा तुमच्या गावाला द्या. दोन व्हतील."

मी म्हणलं, आता तरी! दोन झाले की एखाद्या वेळी… पण आत्यानं राखी कोट उलटा करून बघितला, अस्तर चोळलं, बटणं वाजवली, अन् म्हणली, "दोन कशाला? दोन झाले की भांडणं. हा कुणी घालायचा, तो कुणी घालायचा. पण माल चांगला हाय. अस्तराला यील, बगलांना यील." अन् माझ्या डोळ्यांदेखत, अहो, माझ्या सासऱ्याचा कोट, कोरा, एका बाहीएवढा वापरलेला… उसवला! त्या दोघींनी मिळून! माझी ती उजवी बाही आज गावाच्या कोटाच्या दोन्ही बगलांत हाय. जो नवरदेव घामेजतो, तो माझ्या बाहीत घामेजतो.

अन् रखमाजी? निघताना दादांना बाजूला घेऊन म्हणला, "पाव्हणं… मार्गशीर्षात माझ्या धाकट्याचं लगीन हाय. कोट इकडं यील का?"

असा कोट गावाबाहेर पडला. शहागड झालं, मंग भोकरदन तालुक्यातली गावं झाली. अन् त्र्याण्णवला आत्या खाटेवर पडली. सगळं गाव बघायला आलं, कसं वाटतंय आत्या, काय दुखतंय आत्या. आत्याचे डोळे मिटलेलेच. द्वारका आली तसे डोळे उघडले, अन् एवढंच इचारलं, "कोटाला काई झालं न्हाई ना?" द्वारका म्हणली, "न्हाई आत्या. पट्टी उन्हात टाकलीय." आत्या म्हणली, "मंग बरं." अन् उशाखालची कात्री, रीळ अन् सगळ्या सुतळ्या तिच्या ओच्यात टाकल्या. मी तिथंच उभा व्हतो. मी तिसावा नवरदेव, माझ्याकडं बघितलंबी न्हाई! …बघायचं कारण न्हाई म्हणा. माझं काम झाल्तं.

तवापासून कोट आमच्या घरात हाय. म्हंजी बघा, कोट माझ्या खुंटीला, माझ्या छताखाली, माझ्या बायकोच्या हाताखाली, अन् मला हात लावायची सोय न्हाई! गेल्या महिन्यात थोरल्या भावाच्या पोरीचं लगीन ठरलं. म्हणलं, चुलता हाय मी, चारचौघांत फिरायचंय. बायको खाटेवर बसून टाका उसवून राह्यल्ती. म्हणलं, "द्वारके, ह्या लग्नात मी घालू का गं कोट? घंटाभर?"

मान वर न करता म्हणली, "कोट नवरदेवाचा. तुम्ही नवरदेव हाव का?"

"एकदा व्हतो की!"

"व्हता तवा घातला."

आता माणसाला राग यील का न्हाई? मी म्हणलं, "असं काय? मंग मी दुसरं लगीनच करतो! बघू कशी देत न्हाईस!"

तुम्हाला वाटंल रडली, आदळआपट केली. छे! शांतपणे सुई पदराला लावली, आढ्याच्या सुतळ्या एकेक मोजल्या, अन् म्हणली, "करा की, अवं. पण मे महिन्यापर्यंत एकबी तारीख खाली न्हाई. अन् जूनमधी कोट उन्हात टाकायचा असतो."

आता बोला! नवरी एक वेळ मिळंल हो… पण बिनकोटाचं लगीन ह्या गावात लागत न्हाई, अन् कोट बायको देत न्हाई. म्हणून तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं झाली, गुमान एकाच बायकोवर भागवून राह्यलोय.